विमान देखभालीची पहिली अवजारपेटी

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना अवजारांची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. १९१० साली तत्कालीन औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगरापासून पंपापर्यंतची यंत्रे तेथे घडू लागली. सातारा रोड येथील कूपर कारखान्याने नांगर आणि डिझेल इंजिने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली. पुढे कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि प्रत्येक कारखान्याच्या कार्यशाळेत जोडारी, कातारी व संधाता यांच्या पिढ्या तयार झाल्या. गळीत हंगाम संपला की संपूर्ण कारखाना उलगडावयाचा, प्रत्येक भाग धुऊन-पुसून तपासावयाचा, झिजलेला बदलावयाचा आणि पुढील हंगामापूर्वी पुन्हा जोडावयाचा, ही शिस्त या भागातील शेकडो कुटुंबांच्या परिचयाची आहे.

विमानांशीही या परिसराचा संबंध अगदीच नवा नाही. भारतात विमाने तयार व्हावीत म्हणून म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने १९४० साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ साली देण्यात आले. कराडजवळची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळापासून आहे. कोल्हापूर व पुणे येथील विमानतळ दोन्ही जिल्ह्यांना जवळचे आहेत आणि बारामतीस वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, तर नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या प्रवासी विमानांच्या देखभालीचे केंद्र आहे. अशा परिस्थितीत दहावी-बारावी झालेली किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेली मुले-मुली विमान देखभालीच्या व्यवसायाकडे वळू लागली, तर त्यात नवल नाही.

या वाटेवर पाऊल ठेवताच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो: सुरुवातीला कोणती अवजारे घ्यावीत? दिसावयास हा प्रश्न लहान आहे. परंतु शेकडो अवजारांनी भरलेली चकचकीत पेटी घेण्यासाठी कर्ज काढले गेले किंवा दावणीचे जनावर विकले गेले, तर त्याचा भार संपूर्ण कुटुंबावर पडतो. पालक सल्ल्यासाठी प्रथम येतात ते शिक्षकांकडे, ग्रामसेवकांकडे आणि पंचायत सदस्यांकडे. त्यांना योग्य सल्ला देता यावा, या हेतूने या विषयाची माहिती येथे दिली आहे.

आधी मान्यता, मग अवजारे

विमान दुरुस्त करणे आणि दुरुस्त झालेले विमान उड्डाणास योग्य आहे असे प्रमाणित करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणित करण्याचा अधिकार परवानाधारक अभियंत्यासच असतो. भारतात हा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. तो कोणत्या नियमांनुसार द्यावयाचा, हे सीएआर-६६ या नियमावलीत सांगितले आहे आणि प्रशिक्षण संस्थांना सीएआर-१४७ नुसार मान्यता मिळते. बारावीला गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण होणे, हा या शिक्षणाचा नेहमीचा पाया होय.

परवान्याचे प्रकारही समजून घ्यावेत. बी-१.१ हा टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी, बी-१.२ हा पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी, बी-१.३ व बी-१.४ हे अनुक्रमे त्याच दोन प्रकारच्या इंजिनांच्या हेलिकॉप्टरांसाठी, तर बी-२ हा विमानातील विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो. बी-२ च्या वाटेने जाणाऱ्याची पेटी आणि बी-१ च्या वाटेने जाणाऱ्याची पेटी सारखी असणार नाही. केवळ औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रावर हा परवाना मिळत नाही. तथापि, परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञास जोडारी किंवा विजतंत्री व्यवसायात मिळविलेल्या हस्तकौशल्याचा मोठा उपयोग होतो.

म्हणून पालकांना द्यावयाचा पहिला सल्ला असा की, संस्थेची मान्यता महासंचालनालयाच्या यादीत स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय शुल्कही भरू नये आणि अवजारेही घेऊ नयेत. प्रवेशाच्या वेळी एखादी संस्था महागड्या अवजारसंचाचा आग्रह धरीत असेल, तर त्या संचातील प्रत्येक वस्तू कोणत्या पाठासाठी लागणार आहे, हे लेखी मागावे.

इंचाचे जग आणि मिलिमीटरचे जग

घरात मोटारसायकल किंवा पंप दुरुस्तीचे पाने असतील, तर तेच विमानास चालतील, असा समज स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही. आपल्याकडील वाहने व पंप बहुतेक मिलिमीटरच्या मापात असतात. अमेरिकी बनावटीची विमाने, मग ती प्रशिक्षणाची लहान सेस्ना असोत की मोठी बोइंग, इंचाच्या मापात बांधलेली असतात. युरोपात तयार होणाऱ्या एअरबस विमानांतही इंची मापाचे बोल्ट मोठ्या प्रमाणावर वापरलेले असतात.

या दोन मापांतील फरक किती, हे आकड्यांवरून कळेल. ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिलिमीटर. त्या मापाच्या नटावर १० चा पाना लावला, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर जागा मोकळी राहते. जोर देताच पाना सरकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यावर ११ चा पाना बसतच नाही. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नेमका तोच फसवितो. शेतावरच्या पंपाचा नट गोल झाला तर छिन्नीने कापून काढता येतो. विमानात तोच प्रसंग आला, तर आजूबाजूच्या पातळ अॅल्युमिनियम पत्र्याला ओरखडा पडण्याचा धोका असतो, आणि अशा ओरखड्यापासूनच पुढे तडा वाढू शकतो.

याला अपवादही आहेत. रशियन घडणीची मिग व सुखोई विमाने मेट्रिक मापाची आहेत. त्यामुळे ओझरसारख्या ठिकाणी जाऊ इच्छिणाऱ्याची गरज वेगळी आणि प्रवासी विमानांकडे जाणाऱ्याची वेगळी. कोणत्या विमानावर शिकावयाचे आहे, हे ठरल्याशिवाय पान्यांचा संच घेऊ नये, असे म्हणावयाचे ते यामुळेच.

पेटीत काय असावे

सुरुवातीची पेटी एका हाताने सहज उचलता येईल एवढी असावी. इंची मापाच्या विमानांवर शिकणाऱ्यास साधारणतः पुढील वस्तू पुरेशा होतात.

पहिला मान पान्यांचा. एका टोकास उघडे तोंड व दुसऱ्या टोकास रिंग असलेले, १/४ इंचापासून ३/४ इंचापर्यंतचे पाने घ्यावेत. त्यासोबत १/४ इंची व ३/८ इंची चौकोनी दांड्याचे रॅचेट आणि त्यांचे सॉकेट असावेत. विमानात बारा कोनी डोक्याचे बोल्टही वापरले जातात, म्हणून सॉकेट बारा कोनी असणे सोयीचे. इंची मापाच्या अॅलन किल्ल्यांचा एक लहान संच जोडीला असावा.

त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हर. विमानाच्या अंगावरील तपासणीची झाकणे डझनावारी स्क्रूंनी बसविलेली असतात. चार पाकळ्यांच्या तोंडाचे एक, दोन व तीन क्रमांकाचे आणि सपाट तोंडाचे दोन-तीन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर लागतात. टोक झिजलेला स्क्रू-ड्रायव्हर ताबडतोब बदलावा. तो स्क्रूचे डोके खराब करतो आणि दहा मिनिटांचे काम दोन तासांचे होते.

पकडींपैकी साधी पक्कड, निमुळत्या तोंडाची पक्कड आणि तार कापण्याची तिरकस कटर पुरे. कंपनाने बोल्ट सैल होऊ नये म्हणून विमानात दोन किंवा अधिक बोल्टांची डोकी पीळ दिलेल्या तारेने एकमेकांस बांधतात. ही तार नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेने ओढ राहील अशीच बांधावी लागते. असा सारखा पीळ देणारी खास पक्कड मिळते; परंतु ती घेण्यापूर्वी हाताने पीळ देण्याचा सराव करणे इष्ट.

प्लॅस्टिक किंवा कातडी तोंडाची एक हातोडी, लांब दांड्यावरचा फिरता आरसा, चांगली विजेरी, पोलादी पट्टी, फीलर गेज आणि सहा इंची व्हर्निअर कॅलिपर या वस्तूंनी पेटी पूर्ण होते. आरसा व विजेरी यांना कमी लेखू नये. देखभालीच्या कामाचा मोठा भाग पाहण्याचा आणि तपासण्याचा असतो, आणि सर्वांत महत्त्वाची जागा बहुधा हात पोहोचत नाही अशा कोपऱ्यात असते.

पत्र्यावर खूण करण्यासाठी मात्र साधी शिसपेन्सिल वापरू नये. शिसपेन्सिलीतील ग्राफाइट अॅल्युमिनियमवर राहिले, तर ओलाव्यात तेथे गंज धरू शकतो. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो. विमानाच्या कारागिरास ती सवय सोडावी लागते. बोटातील अंगठीही काम सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावी.

वस्तू पारखून घ्यावी. पान्यावर माप स्पष्ट कोरलेले असावे, तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर असाव्यात आणि वरचा मुलामा सुटत नसावा. स्वस्त पान्याच्या मुलाम्याचा सुटलेला कपचा यंत्रात पडला, तर तो स्वतःच एक धोका होतो. शंभर हलक्या वस्तूंपेक्षा वीस विश्वासार्ह वस्तू केव्हाही चांगल्या.

काय विकत घेऊ नये

अमेरिकेत विमान कारागीर आपली अवजारे स्वतः बाळगतो आणि फिरत्या गाडीवरील विक्रेत्याकडून ती हप्त्याने घेण्याची तेथे रूढी आहे. परदेशी माहिती वाचून आपल्याकडील तरुणही तशीच पेटी जमवू पाहतात. आपल्याकडे मोठ्या देखभाल संस्थांत अवजारे बहुधा संस्थेच्या भांडारातून नोंद करून मिळतात. त्यामुळे नोकरीपूर्वी मोठी गुंतवणूक करण्याचे कारण उरत नाही.

विशेषतः टॉर्क पाना स्वतः घेण्याची घाई करू नये. टॉर्क म्हणजे बोल्ट आवळताना दिलेल्या पिळाचे माप. दहा किलो जोर एक फूट लांबीच्या पान्यावर दिला आणि तोच जोर दोन फुटी पाइप चढवून दिला, तर पीळ दुप्पट होतो. कारखान्यातील जाम झालेल्या नटासाठी पान्यावर पाइप चढविण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. विमानात तिला जागा नाही. अपुरा आवळलेला बोल्ट सैल होतो आणि अधिक आवळलेला आतून ताणला जाऊन पुढे तुटू शकतो. म्हणून किती आवळावयाचे हे विमानाच्या देखभाल पुस्तिकेत दिलेले असते. टॉर्क पान्याची ठराविक मुदतीने कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळणी, करावी लागते. मुदत संपलेला पाना, तो कितीही नवा दिसला तरी, वापरता येत नाही. ही जबाबदारी देखभाल संस्थेची आहे आणि नियमांनी ती तिच्यावर सोपविली आहे. रिव्हेट मारण्याची हवेची बंदूक, इंजिनाच्या आत पाहण्याचे बोरस्कोप आणि एखाद्या विशिष्ट विमानापुरतीच लागणारी अवजारे यांनाही हेच लागू आहे.

डोळ्यांचा अंदाज आणि माप

व्हर्निअर कॅलिपर पहिल्या पेटीत का हवा, हे इंग्लंडमधील एका घटनेवरून स्पष्ट होईल. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या प्रवासी विमानाची समोरची एक काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर निखळून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदम्पटन येथे सुखरूप उतरविले. सर्वांचे प्राण वाचले.

ती काच उड्डाणाच्या आदल्याच दिवशी बदलली होती. चौकशीत असे आढळले की, तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास हव्या त्यापेक्षा ०.६६ मिलिमीटरने कमी होता. उरलेल्या सहांचा व्यास योग्य होता, पण त्यांची लांबी कमी होती. बदलणारा कारागीर अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून नवे बोल्ट नजरेने जुळविले. भागांच्या सूचीतील क्रमांक पाहिला नाही. एक मिलिमीटरहूनही कमी अंतर डोळ्यास दिसत नाही. कॅलिपरला ते लगेच दिसते, आणि सूचीतील क्रमांक पाहिला असता तर कॅलिपरचीही गरज पडली नसती. अनुभवी हातास अंदाजाचा मोह अधिक असतो. म्हणूनच नवख्याने पहिल्या दिवसापासून मापाची सवय लावून घ्यावी.

मोजलेली पेटी

अवजाराची निवड जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची मोजदाद. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे एका एअरबस ए-३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. इंजिनाचा आतील भाग फिरविण्यासाठी वापरलेले, सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे अवजार आतच राहिले. विमान त्या अवजारासह ३४ उड्डाणे आणि २९४ तास उडत राहिले. १ जानेवारी २०२४ रोजी पुढील तपासणीत ते सापडले. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात नमूद केले की, विमान सोडण्यापूर्वी हरवलेल्या अवजाराच्या शोधाची ठरलेली कार्यपद्धती सुरूच केली गेली नव्हती. सव्वा मीटरची वस्तू नजरेतून सुटू शकते, तर बोटभर सॉकेटची काय कथा?

यासाठी काही साध्या रीती जगभर पाळल्या जातात. पेटीच्या कप्प्यात प्रत्येक अवजाराच्या आकाराची खाच असते. खाच रिकामी दिसली की काय नाही ते क्षणात कळते. भिंतीवरील फळीवर अवजाराची आकृती रंगविलेली असते. भांडारातून अवजार घेताना कारागीर आपल्या क्रमांकाचा बिल्ला तेथे अडकवून जातो. प्रत्येक अवजारावर मालकाची खूण कोरलेली असते. पाना तुटला, तर त्याचे सर्व तुकडे जुळवून दाखवावे लागतात. पाळी संपताना पेटी मोजली जाते आणि एक वस्तू जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत किंवा विमानात नाही याची खात्री होईपर्यंत विमान सोडले जात नाही.

वस्तू हरविली हे न लपविता तत्काळ सांगणे, ही या सर्व रीतींची खरी कसोटी आहे. मुलाने अवजार हरविल्याचे कबूल करताच त्याच्यावर ओरडणारी कार्यशाळा त्याला लपविण्यास शिकविते. विमानाच्या हँगरमध्ये ही सवय प्राणघातक ठरू शकते. या दृष्टीने शाळेतील आणि घरातील वागणुकीचाही या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे.

गावपातळीवर काय करता येईल

शिक्षकांना यात बरेच करता येण्यासारखे आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात व्हर्निअर कॅलिपर असतोच. तो केवळ गुणांसाठी न हाताळता, विद्यार्थ्यांना गावातील नट, बोल्ट व तारा मोजावयास लावाव्यात. इंच व मिलिमीटर यांची अदलाबदल तोंडी करून घ्यावी. शाळेच्या कार्यशाळेतील फळीवर अवजारांच्या आकृत्या रंगविण्यास एक डबा रंग आणि एक दुपार पुरेशी आहे. तास संपताना अवजारे मोजून वहीत सही करण्याची जबाबदारी आळीपाळीने एकेका विद्यार्थ्यावर सोपवावी. ज्यांना विमानांकडे जावयाचे नाही, त्यांनाही हे शिक्षण कारखान्यात उपयोगी पडेल.

पंचायत सदस्यांनी पालकांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. संस्थेची मान्यता कोणी, कुठे पाहिली? मुलगा किंवा मुलगी कोणत्या प्रकारच्या परवान्याकडे जाणार आहे? आणि घ्यावयाचे अवजार पुढील सहा महिन्यांत हातात येणार आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर ती खरेदी थांबवावी. एकाच गावातील दोघे-तिघे शिकत असतील, तर कॅलिपर व फीलर गेज यांसारख्या वस्तू सुट्टीतील सरावासाठी सामाईकही ठेवता येतील.

अवजारे टप्प्याटप्प्याने घ्यावीत. शाळेत असताना पट्टी व कॅलिपर. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाल्यावर पाने, स्क्रू-ड्रायव्हर व पकडी. आणि प्रत्यक्ष कामावर रुजू झाल्यावर, तेथील गरज पाहून, उरलेले. या क्रमाने गेल्यास कर्जाची वेळ सहसा येत नाही आणि पेटीतील प्रत्येक वस्तू हाताच्या ओळखीची होते. गळीत हंगामापूर्वी चरक्यांचा प्रत्येक बोल्ट तपासणाऱ्या कारागिरांच्या या प्रदेशात अशा पेटीची कदर करणारी मुले-मुली निश्चितच आहेत. त्यांच्या हाती ती वेळेवर आणि मोजून पडावी, एवढे पाहणे मार्गदर्शकांचे काम आहे.